सव्वा सेकंद

आमच्या गावात कुठल्याही परीक्षेला क्लास असतो. दहावीला असतो, बारावीला असतो, ड्रोन उडवायच्या लायसनलाही असतो. माझ्या बायकोनं आई होण्यासाठी क्लास लावला. तो लावायची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना दोषी कोण ते शोधत बसायला नको.

मी सुदर्शन मगदूम. इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हल्ली धागा तुटला की माग स्वतःच थांबतो आणि स्वतःच तो सांधतो, त्यामुळे वडील आडवा धागा नेणारे धोटे विकायचे तिथं मी सेन्सर विकतो. वाचनाशी माझा संबंध मालाच्या पेटीवरचं लेबल वाचण्यापुरता. केतकी अगदी उलट. ती कन्याशाळेत भूगोल शिकवते आणि त्या काळात घरी आली की कादंबरी घेऊन बसायची, तीही कागदाची. मध्येच एखाद्या ठिकाणी थांबायची. पाच-पाच मिनिटं पान उलटायचं नाही, चहावर साय धरायची. "त्या पानावर मुक्काम ठोकलास काय?" असं मी चिडवायचो. "थांब जरा," ती म्हणायची, "ही बाई असं का करायलीय ते बघू दे."

केतकी चार वर्षांची असताना तिची आई जयसिंगपूरच्या घरातून निघून गेली. भांडण नाही, चिठ्ठी नाही. केतकीला मावशीनं वाढवलं. एवढं मला लग्नाआधीच माहीत होतं. अकरा वर्षांच्या संसारात त्यावर मी तिला एक प्रश्न विचारला नाही. खपली कशाला काढा, असं स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटायची की ती रडेल आणि मला काय करावं ते सुचणार नाही.

आम्हाला मूल होत नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, शेवटी दत्तकासाठी नाव नोंदवलं. दोन वर्षांनी सांगलीच्या एका संस्थेतून फोन आला. मुलगी आहे, पावणेचार वर्षांची, नाव जुई. आमच्या सहा भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीत जुई झोपाळ्यावरून पडली. गुडघा सोलवटला, पण ती रडली नाही, नुसती इकडेतिकडे बघत राहिली. केतकी धावत जाऊन तिच्यासमोर बसली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळल्यावर जुईनं भोकाड पसरलं. मग दोघी मिळून रडल्या. त्या दिवशी निघताना जुईच्या मुठीतली केतकीची ओढणी सोडवायला संस्थेतल्या दोन बायका लागल्या.

जुई आमची होणार हे तेव्हाच ठरलं, असं मी धरून चाललो होतो. फक्त आरसा उरला होता.

आरसा म्हणजे एक चष्मा. तो घालून एक ठरलेली कादंबरी वाचायची. तिचं नाव सांगायचं नाही, अशा कागदावर आमच्या सह्या घेतल्यात, म्हणून सांगत नाही. वाचताना आपली नजर ओळीवरून घसरत जाते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. डोळा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा. अवघड शब्द आला की थांबा लांबतो हे पूर्वीपासून ठाऊक होतं. नंतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की पात्राच्या करणीनंही तो लांबतो. गोष्टीतली बाई दाराची कडी काढायला हात उचलते, तेव्हा वाचणाऱ्याच्या मेंदूतला हात हलवणारा भागही किंचित जागा होतो, डोळ्यातली बाहुली रुंदावते, नाडीचा वेग बदलतो. कुठल्या पात्रासाठी हे सगळ्यात जास्त घडतं ते मोजायचं. ते तुमचं निकटचं पात्र. म्हणजे तुमचं शरीर तुमच्या नकळत ज्याचं आयुष्य जगून बघतंय तो माणूस. मुलाखतीत कुणीही खोटं बोलतो, गोष्ट वाचताना खोटं बोलायचं सुचत नाही, असं त्या शोधाचं सार होतं. नोकऱ्या, जामीन, लग्नं, सगळीकडे आरसा शिरला. दत्तकाच्या नियमांत तो तीन वर्षांपूर्वी आला.

माझं निकटचं पात्र निघालं गावातला एक गिरणीवाला. जुळणी बावन्न टक्के, शेरा 'निरुपद्रवी'. मी दुकानात आठवडाभर सगळ्यांना सांगून हसलो.

केतकीचा अहवाल शिंत्रे मॅडमनी स्वतः वाचून दाखवला. संस्थेत आमची फाईल त्यांच्याकडे होती. बाई सज्जन, आवाज मऊ, टेबलावर नेहमी वाटीभर मनुका.

"निकटचं पात्र मालन," त्या म्हणाल्या. "जुळणी सत्त्याऐंशी टक्के."

मी कादंबरी वाचून विसरलो होतो. केतकीनं सांगितलं तेव्हा आठवलं. मालन म्हणजे चार वर्षांच्या पोरीला, बबीला, शेजारच्या सखूआत्याच्या दारात ठेवून एस.टी.त बसून कायमची निघून जाणारी बाई.

"अकरा लाख वाचकांवर सात वर्षं अभ्यास झालाय," शिंत्रे मॅडम म्हणाल्या. "सोडून जाणाऱ्या पात्राशी ज्यांचं ऐंशीच्या वर जुळतं, त्यांच्यात माणसं सोडून जायचं प्रमाण चौपट आहे."

"कशाच्या चौपट?" मी विचारलं. दुकानदाराला असला प्रश्न पडतोच.

"शंभरात एकाच्या."

"म्हणजे शंभरातल्या चार जातात आणि शहाण्णव राहतात."

"बरोबर आहे तुमचं. पण मगदूम, जुई शंभर नाहीत. एकच आहे. एकदा तिला कुणीतरी सोडलंय."

केतकीनं स्वतःच्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा मॅडमनी हळूच हात वर केला. तोंडी म्हणणं धरता येत नाही, तसा नियमच आहे, म्हणाल्या. नव्वद दिवसांनी एक फेरचाचणी मिळेल. तीत जमलं नाही तर यादीतलं पुढचं जोडपं पुण्याचं होतं.

परतताना गाडी आपोआप चालत होती. केतकी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"मी मालनवर थांबले कारण मला ती कळत नव्हती," ती म्हणाली. "पोरीला दुसऱ्याच्या दारात ठेवून निघालेल्या बाईच्या मनात काय असंल, हे मी लहानपणापासून बघायलेय. एका पुस्तकात नाही सापडलं की दुसऱ्या पुस्तकात. आणि ते यंत्र म्हणतंय, ती मीच."

"होईल सगळं नीट," मी म्हणालो.

"तुला काय वाटतं? मी जाईन सोडून?"

"वेडी आहेस काय? मी बघतो काहीतरी."

तिला उत्तर हवं होतं आणि मी उपाय शोधायला लागलो. ठरलेलं पुस्तक म्हटल्यावर त्याचं गाईड निघणार, आणि गाईड निघालं की क्लास निघणार, हे आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी मी आवटी सरांकडे गेलो. जुन्या नगरपालिकेच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर. सर पूर्वी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचं जीवशास्त्र शिकवायचे. आता जिन्यात फ्लेक्स होता, 'पात्र-तयारी वर्ग', आणि त्याखाली पास झालेल्या आईबापांचे पासपोर्ट फोटो, टक्क्यांसकट.

"मालन आली का? येणारच," सर म्हणाले. "हळवी बाई असली की मालन येते. घाबरायचं नाही. डोळा म्हणजे स्नायू आहे, मगदूम. स्नायूला वळण लावता येतं."

पद्धत सोपी होती. सरांकडे आरशासारखाच एक चष्मा होता. कादंबरीतल्या रडण्याच्या, दुखण्याच्या, सोडून जाण्याच्या जागा त्यांनी हेरून ठेवल्या होत्या. त्यांना ते गरम परिच्छेद म्हणायचे. तिथं नजर सव्वा सेकंदाच्या वर थांबली की चष्म्याच्या दांडीतून कानामागं बारीक चटका बसायचा. नजर काढून जवळच्या थंड शब्दावर न्यायची. घागर, भिंत, कंदील, काहीही. श्वास चार मोजून सोडायचा. एवढं इतर क्लासवालेही शिकवत, पण त्यांचे विद्यार्थी नापास व्हायचे, कारण नुसतं टाळलं तर आरशाला कुणीच पात्र दिसत नाही आणि तो संशय घेतो. आवटी सर नजरेला दुसरं घर द्यायचे. सखूआत्याची वाक्यं आली की तीन सेकंद थांबायचं, तिच्याबरोबर श्वास घ्यायचा, तिनं पोरीला जवळ घेतलं की आपले हातही तसे करायचे. तिथं कानामागं चटका नाही, उलट कोमट लागायचं.

"नव्वद दिवसांत हे मेंदूच्या सवयीच्या भागात उतरतं," सर म्हणाले. "सायकलीसारखं. मग आठवावं लागत नाही."

"परीक्षा झाल्यावर जातं का?"

"कशाला जायला पाहिजे?"

मी हसलो. केतकीला पटवायला मला दोन दिवस लागले. "फक्त परीक्षेपुरतं," मी म्हणालो. "बारावीला पाठ केलेलं काय आता आठवतंय आपल्याला?" जुईचं नाव काढलं तेव्हा ती तयार झाली.

पहिले पंधरा दिवस ती क्लासहून आली की कानामागं लाल झालेलं असायचं आणि डोळे सुजलेले. मग सूज गेली. महिना उलटल्यावर एकदा दुकानात पत्र्यानं माझा तळहात कापला. रुमाल गुंडाळून तसाच घरी आलो. केतकीनं हाताकडे पाहिलं आणि तिची नजर ओट्यावरच्या पातेल्यावर गेली. "हळद डब्यात आहे," ती शांतपणे म्हणाली. पूर्वी मला साधा काटा लागला तरी ती हात पकडून बसायची. दुखलं ते तळहातात नाही. आणखी काही दिवसांनी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मावशीचे गुडघे गेले होते, ती रडत होती. केतकी तिच्याशी बोलत होती, योग्य तेच बोलत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होती. फोन ठेवताना मावशीनं मला विचारलं, "जावईबापू, पोरीचं बरं आहे नव्हं?" परीक्षेचं टेन्शन आहे, मी म्हणालो.

या सगळ्या दिवसांत तिनं कादंबरी हातात घेतली नाही. कपाट बंद होतं. मी ते वेळ नसण्यावर घातलं.

फेरचाचणीत निकटचं पात्र आलं सखूआत्या. जुळणी एक्क्याण्णव टक्के. शिंत्रे मॅडमनी स्वतः उठून केतकीला मनुका दिल्या. आवटी सरांच्या जिन्यात आमचा फोटो लागला, आणि श्रावणातल्या एका सोमवारी जुई घरी आली.

मला तक्रार करायला जागा नव्हती. केतकी एक चूक करत नव्हती. दूध वेळेवर, लस वेळेवर, केस विंचरलेले, झोपताना गोष्ट. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीला कुणी एवढं करत नाही. एका रविवारी जुई अंगणात धावता धावता आपटली. केतकी लगबगीनं गेली, तिला उभं केलं आणि म्हणाली, "ऊठ गं माझे बाय, भुईला किती लागलं बघू आधी." आणि तिचा हात स्वतःच्या खांद्याकडे गेला, तिथं काहीतरी चाचपलं आणि ते नसल्यावर रिकाम्या बोटांनीच तिनं जुईचं तोंड पुसलं. केतकीच्या अंगात टीशर्ट होता. ती पदर शोधत होती.

माझ्या बायकोनं आयुष्यात कधी कुणाला 'माझे बाय' म्हटलं नव्हतं. मी घरात जाऊन ती कादंबरी काढली. वाचायला मला चार दिवस लागले, दुकानातच बसून वाचली, गिऱ्हाइकांना परत पाठवलं. भुईला किती लागलं, हे वाक्य एकशे बाराव्या पानावर सखूआत्याच्या तोंडी आहे. पदरानं तोंड पुसणंही तिथंच. गेल्या दोन महिन्यांत केतकी जुईशी जे जे बोलली होती त्यातलं अर्धंअधिक मला त्या पुस्तकात सापडलं.

पण मी थांबलो ते दुसरीकडेच. मालनला नवरा होता. दत्तू त्याचं नाव. पहिल्यांदा आरसा लावून वाचलं तेव्हा तो मला दिसलाही नव्हता. अख्ख्या पुस्तकात त्याला पाच-सहा वाक्यं असतील. मालन त्याला तीन वेळा काहीतरी सांगायला येते. तिन्ही वेळा तो चांगलंच बोलतो. काळजी करू नकोस म्हणतो, मी आहे ना म्हणतो, आणि उठून कामाला जातो. तिसऱ्या वेळेनंतर ती सांगायला येत नाही. मग एस.टी. येते. लेखकानं त्याला एक शब्दही वाईट म्हटलेलं नाही. मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. दुकानातला पोऱ्या जेवायला चला म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. गिरणीवाला वगैरे काही नव्हतो मी. मी दत्तू होतो, आणि यंत्रानं नाही, मी स्वतः ते ओळखलं, आणि मला फार लाज वाटली.

त्याच आठवड्यात कपाटाच्या दारात जुईचं बोट चेमटलं. मी समोरच होतो. तिनं तोंडानं "स्स" केलं, बोटाकडे पाहिलं आणि नजर पंख्याकडे नेली. रडली नाही. हळूच श्वास सोडला. मी तिच्याजवळ जाईपर्यंत ती खेळायला लागली होती. नख काळं पडलं होतं.

मी आवटी सरांना गाठलं.

"लहान मूल कुठं बघायचं ते आईच्या डोळ्यांवरून शिकतं," सर म्हणाले. "हे जुनं शास्त्र आहे. आई कशाला तरी बघून दचकली की मूल ती वस्तू न बघताच घाबरतं. आईची नजर जिथं टिकते ते महत्त्वाचं, जिथनं निघते ते नसलेलं."

"आणि दुखण्यावरनं आईची नजर निघत असंल तर?"

सरांनी टेबलावरचे पेन सारखे करून ठेवले. "आमचा सिलॅबस पालकांपुरता आहे, मगदूम."

"उलटं शिकवता येईल? थांबायला?"

"येईल की. वर्ष लागेल, सोडायला जास्त वेळ लागतो. पण मग आरशात मालन येणार. सहा महिन्यांनी एकदा आणि मग दरवर्षी आरसा आहे, पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत. पोरगी ठेवायची का बायकोचे डोळे, ते तुम्ही ठरवा."

मी घरी येऊन केतकीला तिच्या नजरेबद्दल सगळं सांगितलं. या वेळी उठून गेलो नाही. ती कणीक मळत होती. ऐकताना तिचे हात चालू होते.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. भूगोलाचा धडा सांगावा तसा आवाज होता. "आईचा चेहरा आठवायला गेले की तिच्या मागचं दुधाचं पातेलं आठवतं. त्याचा पोचा पण आठवतो. चेहरा येत नाही. आधी यायचा. पुसट यायचा, पण यायचा."

"मला सांगितलं नाहीस."

"काय करणार होतास?"

ते खरं होतं. मी तिच्या पिठाळ हातावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला आणि खिडकीच्या गजांकडे बघायला लागली.

"जुई राहिली ना आपल्याकडं? मग झालं," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. तिला तरी कुणी सोडून जाणार नाही. आणि बघ की, किती शहाण्यासारखी वागते. रडत सुद्धा नाही आता."

मी तिला बोटाबद्दल सांगितलं नव्हतं. तेवढं धाडस मला झालं नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला शिंत्रे मॅडम सकाळी दहाला आल्या. नवी गोष्ट म्हणून त्यांनी पर्समधून पिवळ्या काड्यांचा एक छोटा चष्मा काढला. चार वर्षांपुढच्या मुलांनाही आता चित्रांच्या पुस्तकावर आरसा लागू झाला होता. जुईला तो चष्मा फार आवडला. पुस्तकात जत्रेत हरवलेलं एक अस्वलाचं पिल्लू होतं. मॅडमच्या टॅबवर पान दिसत होतं आणि त्यावर जुईची नजर म्हणजे एक हिरवा ठिपका. पिल्लू रडायला लागलं. ठिपका त्याच्या तोंडावर गेला आणि लगेच फुग्यावर. पुढच्या पानावर पिल्लाला काटा रुतला. ठिपका पायावरून जत्रेतल्या दुकानातल्या कपबशीवर.

"छान," मॅडम म्हणाल्या. "किती शांत मूल आहे. संस्थेत होती तेव्हा ही एकदा सुरू झाली की थांबायची नाही."

"किती आहे तिचा?" केतकीनं विचारलं.

"काय किती?"

"थांबा. रडण्यावरचा."

मॅडमनी बोटानं पडदा सरकवला. "पाऊण सेकंद. तुमच्यापेक्षाही कमी."

मला वाटलं, केतकीला कळलं नाही. मग मी पाहिलं की तिनं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तिला कळलं होतं.

"मॅडम, हे शिकवलेलं आहे," मी म्हणालो. "आम्ही क्लास लावला होता. नव्वद दिवस. केतकीची नजर शिकवलेली आहे आणि पोरीनं ती तिच्याकडनं उचललीय. हे शांत असणं नव्हे. तिचं नख काळं पडलं तरी ती रडली नाही. तुम्ही हे लिहून घ्या. आमचं काय व्हायचं ते होऊ दे, पण तिला कुणाला तरी दाखवा."

मॅडमनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "क्लास सगळेच लावतात, मगदूम. क्लासनं सवय लागते, माणूस बदलत नाही. आतून नसेल ते आरशात येतच नाही. तुम्ही घाबरलाय. पहिल्या वर्षी बरेच वडील घाबरतात." आणि टॅबकडे बोट करून म्हणाल्या, "आणि तोंडी मला धरताही येत नाही."

"मग माझं परत घ्या," केतकी म्हणाली. "आत्ता. मालन निघते ते प्रकरण."

"तुमचं आजच्या यादीत नाही. उगीच कशाला? काही वेडंवाकडं आलं तर मला नोंदवावं लागेल. मुलगी परत न्यावी लागेल."

"न्या," केतकी म्हणाली. "पण बघू दे मला."

जुईला घट्ट धरून ठेवायला जिनं आपला जीव आवळून टाकला होता, ती हे म्हणत होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतकं हवं असलेलं काही मी पाहिलं नव्हतं. मॅडमनी नाइलाजानं मोठा चष्मा आणि ती कादंबरी दिली. मी त्यांच्या मागं उभा राहून टॅबवर बघत होतो.

मालन बबीला सखूआत्याच्या उंबऱ्यावर बसवते. ठिपका ओळीवरून चालत आला. बबी तिचा हात सोडत नाही. ठिपका तिथं पोचला, थरथरला आणि बाजूच्या घागरीवर गेला. केतकी मागं आली. पुन्हा तीच ओळ. ठिपका बबीच्या हातावर आला आणि भिंतीवर गेला. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिनं उजव्या हाताचं बोट पानावर त्या ओळीखाली टेकवलं आणि दाबून धरलं, इतकं की कागदाला खड्डा पडला. बोट बबीच्या नावाखाली होतं. ठिपका कंदिलावर होता. तिनं डाव्या हातानं स्वतःचं डोकं धरून खाली केलं. ठिपका कंदिलावरून सखूआत्याच्या पदरावर गेला आणि तिथं निवांत थांबला. एक, दोन, तीन सेकंद. तिचा श्वास आपोआप संथ झाला. मला तिच्या हातातून ते पुस्तक काढून घ्यावंसं वाटत होतं, पण ती चौथ्यांदा वर गेली होती.

सहाव्या वेळेनंतर मॅडमनीच चष्मा काढून घेतला.

"सखूआत्या, चौऱ्याण्णव टक्के," त्या म्हणाल्या. "वाढलंय. बघितलंत? उगाच शंका घेत होता. अभिनंदन."

त्यांनी अहवालावर शिक्का उमटवला, जुईच्या हातावर दोन मनुका ठेवल्या आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगून गेल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

केतकी जमिनीवर उतरून जुईसमोर बसली. तिनं जुईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझ्याकडं बघ," ती म्हणाली. "जुई, आईकडं बघ. मी पण बघते."

मी मनातल्या मनात मोजायला लागलो. दोनपर्यंत पोचलो नाही. आधी जुईनं नजर काढली.